महाराजांसारखा दिसत नाही, म्हणजे नेमका कोणासारखा?

आमच्या आजोबांच्या लेखी शिवाजी महाराज म्हणजे चंद्रकांत मांडरे. भालजी पेंढारकरांचा 'छत्रपती शिवाजी' १९५२ साली आला, तो त्यांनी तरुणपणी पाहिला. त्यानंतर पडद्यावर जे कोणी महाराज म्हणून आले, त्या सगळ्यांना एकच शेरा मिळाला: "पोरगं बरं हाय, पण म्हाराज न्हवं." वडील सूर्यकांतांचे. भाचीला विचारलं तर ती मालिकेतल्या नटाचं नाव घेते. एका घरात एकाच माणसाचे तीन चेहरे, आणि प्रत्येकाला वाटतं आपलाच खरा.

कोल्हापुरात हे जरा जास्तच होतं, कारण यातले बरेच चेहरे घडले इथेच. जयप्रभा स्टुडिओ आपला, मांडरे बंधू आपले, त्याआधी बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी आपली आणि १९२९ ला सुरू झालेली 'प्रभात' फिल्म कंपनीसुद्धा पुण्याला जाण्याआधी इथलीच. नवा ऐतिहासिक चित्रपट बघून थिएटरबाहेर "हा काय शोभत नाही बुवा" असं आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा आपण त्याची तुलना इतिहासाशी नव्हे, तर गंगावेशीपासून राजारामपुरीपर्यंतच्या कुठल्यातरी भिंतीवर पाहिलेल्या जुन्या पोस्टरशी करत असतो.

असे वाद घालण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. त्यातून चित्रपट पारखायची जी रीत हाताला लागली ती इथे मांडतो. वही लागेल, पेन लागेल आणि चित्रपटाआधी तासभर वेळ लागेल. तो तास काढायचा नसेल तर नुसता चित्रपट बघा, मजा करा. त्यातही काही वाईट नाही. फक्त मग मध्यंतरात इतिहासावर बोलू नका.

पहिलं काम: मूळ शोधा

'प्रामाणिक आहे का' या प्रश्नाला 'कशाशी?' हा जोडप्रश्न लावल्याशिवाय अर्थच नाही. म्हणून श्रेयनामावली नीट वाचा. ती सुरू असताना पॉपकॉर्न आणायला उठू नका.

'छावा' हा २०२५ चा हिंदी चित्रपट शिवाजी सावंतांच्या कादंबरीवर आहे. सावंत आपल्या आजऱ्याचे. 'बाजीराव मस्तानी' ना. सं. इनामदारांच्या 'राऊ'वर आहे. दूरदर्शनवरची 'स्वामी' रणजित देसाईंच्या कादंबरीवर होती, आणि देसाई चंदगड तालुक्यातल्या कोवाडचे. या तिन्ही ठिकाणी इतिहास आणि पडदा यांच्या मध्ये एक कादंबरीकार बसलेला आहे. कादंबरीकाराने रमाबाईंच्या मनात काय चाललं होतं ते लिहिलं. ते पेशवे दफ्तरात मिळणार नाही आणि मिळायची गरजही नाही. मालिकेने ते मनातलं दाखवलं तर ती कादंबरीशी इमान राखते आहे. दोष द्यायचा असेल तर कोणाला, हे आधी ठरवा.

ही परंपरा जुनी आहे. बाबूराव पेंटरांचा १९२३ चा 'सिंहगड' हरि नारायण आपट्यांच्या 'गड आला पण सिंह गेला' या कादंबरीवरच बेतलेला होता. आज ते वाक्य आपण इतिहास म्हणून म्हणतो. पण 'सिंहगड' हे नाव तानाजींच्या १६७० मधल्या मृत्यूआधीच्या पत्रातही आढळतं. मग गडाला नाव तानाजींमुळे मिळालं असं दाखवणारा चित्रपट कागदाशी प्रामाणिक नाही, पण लोकांच्या आठवणीशी आहे. दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात, आणि वहीत ती वेगवेगळ्या ओळींवर लिहायची.

मूळ एकच असेल असंही नाही. 'सिंहासन' हा चित्रपट अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांतून, 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' यांतून, विजय तेंडुलकरांनी एक पटकथा करून उभा केला. 'जोगवा'मागे राजन गवसांच्या 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' या कादंबऱ्या आहेत, शिवाय चारुता सागरांची 'दर्शन' ही कथा. अशा वेळी 'पुस्तकातलं अमुक पात्र कुठे गेलं' हा प्रश्न जवळजवळ निरर्थक होतो. दोन घरांचं सामान एका खोलीत लावायचं तर काही पेट्या माळ्यावर जाणारच.

ऐतिहासिक विषय असेल तर मुळाची पायरीही लिहून ठेवा. सगळ्यात वर त्या काळची पत्रं, शकावल्या (सालवार नोंदी), परकीयांच्या नोंदी. मग बखरी. त्यातही फरक आहे: सभासदाची बखर महाराजांच्या मृत्यूनंतर वीस वर्षांच्या आतच जिंजीला लिहिली गेली, तर चिटणिसांची थेट एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला. मग पोवाडे, मग कादंबऱ्या, आणि तळाला आधीचे चित्रपट. पुष्कळ नवे दिग्दर्शक या तळाच्याच पायरीवर उभं राहून वर बघतात. आपणही.

तासाभराचा गृहपाठ

करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आहे. तिथे जा किंवा घरातलं पुस्तक काढा. सगळं वाचायचं नाही. चित्रपट ज्या प्रसंगावर आहे त्याची एकच गोष्ट काढायची: त्या दिवशी कोण किती वर्षांचं होतं.

एवढ्याने निम्मं काम होतं, हे माझं ठाम मत आहे. महाराज अफझलखानाला भेटले तेव्हा २९ वर्षांचे होते. पन्हाळ्याहून निसटले तेव्हा ३०. राज्याभिषेकाला ४४. संभाजी महाराजांना मारलं तेव्हा त्यांना ३२ वं चालू होतं. थोरले बाजीराव ३९ व्या वर्षी गेले, माधवराव २७ व्या. ताराराणींनी कारभार हातात घेतला तेव्हा त्या पंचविशीत होत्या. ही सगळी पोरंपोरीच होती हो! आपण मात्र पन्नाशीतल्या भारदस्त नटांना बघून बघून त्यांना काका-मामा करून टाकलं.

म्हणून वहीच्या डाव्या बाजूला नाव, प्रसंगाचं साल आणि वय लिहा. चित्रपट बघताना उजव्या बाजूला नट किती वयाचा 'वाटतो' ते. नटाचं खरं वय शोधत बसायचं नाही, ते बिनमहत्त्वाचं आहे. १९२३ च्या 'सिंहगड'मध्ये शेलारमामा झाले होते व्ही. शांताराम, आणि ते तेव्हा पंचविशीसुद्धा ओलांडलेले नव्हते. पांढऱ्या मिशा लावून तरुणाने म्हातारा होणं तसं सोपं. पन्नाशीच्या नटाने तिशीचा होणं अवघड, कारण चेहरा रंगवता येतो, पण घोड्यावरून उतरताना गुडघा खरं बोलतो.

चेहरा सगळ्यात शेवटी

पात्रनिवड पारखताना लोक पहिल्यांदा नाकडोळे बघतात. मी ते मुद्दाम शेवटी ठेवतो.

महाराजांचंच घ्या. १६६४ मध्ये सुरतेला असलेला इंग्रज धर्मगुरू एस्कॅलियट लिहितो की ते मध्यमपेक्षा जरा कमी उंचीचे, ताठ, बांधेसूद, नजर तीक्ष्ण, बोलताना हसल्यासारखे वाटणारे आणि आपल्या माणसांपेक्षा उजळ. फ्रेंच प्रवासी थेवनोही लहान चण आणि चपळ डोळे सांगतो, पण रंग मात्र सावळा म्हणतो. दोघांचंही वर्णन ऐकीव. उंची आणि डोळे यांवर दोघांचं एकमत, वर्णावर नाही. सहा फुटी नट निवडला की कौतुक आणि ठेंगणा निवडला की बोंब, असं आपण करतो तेव्हा कागद आपल्या बाजूने नसतो. आणि ते 'बोलताना हसल्यासारखे' पडद्यावर किती वेळा पाहिलंत? तिथे तर महाराज कायम भुवया चढवून. मला विचाराल तर उंचीपेक्षा ते हसू सापडलेला नट जास्त जवळचा.

मग आधी काय बघायचं? माझा क्रम असा: अंग, वजन, जोड्या, आणि मग चेहरा.

अंग म्हणजे त्या माणसाचं रोजचं काम शरीरात दिसतं का. आनंद यादव कागलचे, त्यांच्या 'नटरंग'मधला गुणा शेतमजूर आहे, अंगापिंडाने पैलवान, आणि तमाशाच्या वेडापायी तो नाच्या होतो. या भूमिकेला दोन शरीरं लागतात. अतुल कुलकर्णींनी चित्रपटासाठी ती दोन्ही कमावली. सुरुवातीचा रांगडा देह नसता तर पुढच्या मुरडण्यातली वेदना कळलीच नसती, तो नुसता नाच झाला असता. आपल्याकडे तालमीचं अंग आणि जिमचं अंग यातला फरक लहान पोरालाही कळतो. मावळ्याच्या पोटावर सहा कप्पे दिसले की खासबागेच्या कुस्ती मैदानात बसलेला कुठलाही वस्ताद हसेल. लाल मातीतलं अंग गोलसर असतं, मान जाड, कान मोडलेले.

वजन म्हणजे तो दालनात आला की बाकीचे कसे उभे राहतात. हे नटापेक्षा दिग्दर्शकाचं काम आहे. आवाज बंद करून दोन मिनिटं बघा. कोण राजा आहे ते कळलं पाहिजे.

जोड्या हा सगळ्यात दुर्लक्षिलेला मुद्दा. एकटा नट कधी चुकत नाही, जोडी चुकते. आई आणि मुलगा यांच्यात दहाच वर्षांचं अंतर वाटलं की जिजाऊंच्या तोंडची कितीही थोर वाक्यं फुकट. 'सिंहासन' यासाठी पुन्हा बघण्यासारखा आहे. मुख्यमंत्री झालेत आपले अरुण सरनाईक, समोर श्रीराम लागू, आणि या सगळ्यांना न्याहाळणारा पत्रकार दिगू टिपणीस म्हणून निळू फुले. फुल्यांचा खलनायक डोक्यात असलेल्या प्रेक्षकाला ही निवड उलटी वाटली असेल. पण बोलून गिळणाऱ्या माणसांच्या गर्दीत न बोलता गिळणारा एक हवा होता, तो त्यांच्यात सापडला.

चेहरा सर्वांत शेवटी, आणि तोही फोटो उपलब्ध असेल तरच काटेकोरपणे. फोटोच्या काळातल्या माणसाला नटाने जवळ जायलाच हवं. जब्बार पटेलांच्या चित्रपटात बाबासाहेब झाले मल्याळी मामुट्टी. मराठी नट नव्हता का, असं कोणीही विचारील, पण त्यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि चित्रपट बघताना माणूस परका वाटत नाही. गाव, जात, भाषा यांवरून आधीच निकाल देऊ नये एवढं मी त्यातून शिकलो.

फोटोच नसेल तर गोष्ट उलटी होते, नटच चेहरा देऊन जातो. १९३६ च्या 'संत तुकाराम'साठी दामले-फत्तेलालांनी विष्णुपंत पागनीसांना घेतलं. रंगभूमीवर त्यांनी स्त्रीभूमिका केलेल्या. पुढे तुकोबा म्हटलं की लोकांना पागनीसच दिसू लागले.

कानाने बघा

पन्हाळ्याच्या पायथ्याचा माणूस पडद्यावर पुणेरी बोलतो किंवा प्रत्येक वाक्याला 'रं' आणि 'बा' लावतो. दुसरा प्रकार जास्त त्रासदायक. कोल्हापुरी म्हणजे शेपटाला रं नव्हे. माझी एक साधी परीक्षा आहे: इथल्या बायका घरात काय बोलतात? "मी जातो", "मी जेवलो". आमच्या आत्या, काकू, शेजारच्या वहिनी, सगळ्या असंच बोलतात. कोल्हापूरच्या घराण्यातली म्हणून दाखवलेली बाई "मी जाते गं" म्हणाली, की तिथे भाषेवर कोणी काम केलेलं नाही असं समजावं. लेखकाने एकदा जरी "आलो आलो, थांब" लिहिलं असेल तर मी त्याला दहा चुका माफ करतो.

सतराव्या शतकाचं वेगळं. तिथे अस्सल बोली कोणालाच ऐकू आलेली नाही, पण पत्रं आहेत, आणि ती फारसी शब्दांनी गच्च भरलेली आहेत. इतकी, की महाराजांनी त्या शब्दांना पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करून घेतला. कोश करावा लागला याचाच अर्थ रोजच्या कारभारात ते शब्द होते. म्हणून १६५९ चा दरबार संस्कृतप्रचुर मराठीत 'राष्ट्र', 'अस्मिता' बोलू लागला की वहीत खूण करा. ती पटकथाकाराची भाषा आहे. चूक आहे असं नाही. नाटकाला लय लागते आणि प्रेक्षकाला कळावंही लागतं. पण ती निवड आहे, इतिहास नाही.

बदल मोजू नका, तोला

इथे सगळ्यात जास्त भांडणं होतात. पुस्तकात होतं ते गाळलं, नव्हतं ते घातलं, दोन माणसांचं एक केलं, आधीचं नंतर आणलं. यादी करून 'सतरा चुका' काढणं सोपं आहे, त्याला अक्कल लागत नाही.

प्रत्येक बदलाला एकच प्रश्न विचारा: या बदलामुळे माणसाने ते का केलं, हे बदललं का? 'का' शाबूत असेल तर बदल हलका. 'का' फिरलं तर जड, मग तो एका वाक्याचा का असेना.

हलक्याचं माझं लाडकं उदाहरण 'संत तुकाराम'मधलंच. 'आधी बीज एकले' हे पद तुकोबांचं नाही, शांताराम आठवल्यांनी चित्रपटासाठी लिहिलेलं आहे. पण ते इतकं बेमालूम उतरलं की लोक ते गाथेत शोधत राहिले. कागदाच्या हिशेबाने ही सरळ भर आहे. तरीही त्याने तुकोबांचा 'का' कुठेच ढळत नाही, उलट उजळतो. पूर्ण मार्क.

जडाचं उदाहरण 'बाजीराव मस्तानी'तला पिंगा. काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचल्या याला आधार नाही हा आक्षेप सगळ्यांनी घेतला. माझा आक्षेप नाचाला नाही. त्या घरातली कोंडी, माणसं एकमेकांशी जी वागली ती का वागली, ते त्या चार मिनिटांच्या गोडव्यात विरघळून जातं. पुढे मस्तानीला कोंडण्यापर्यंत गोष्ट जाते तेव्हा मागचा पिंगा आठवून आपण गोंधळतो.

'छावा'च्या ट्रेलरमध्ये संभाजी महाराज लेझीम खेळताना दिसले, गदारोळ झाला, दृश्य काढलं गेलं. त्या वादात दोन आक्षेप एकमेकांत मिसळले होते. एक, राजा असा नाचेल का? दुसरा, ती चाल, ते वाद्य, तो पेहराव त्या काळचा आहे का? दुसऱ्याचं उत्तर कागदात शोधता येतं. पहिला आपल्या मनातल्या राजाबद्दल आहे, आणि तो राजा कॅलेंडरवरून आलेला असू शकतो. आक्षेप घ्यायचा तर यातला कोणता ते सांगून घ्यावा.

आणि कधीकधी कात्री तिसऱ्याच्याच हातात असते. १९३० मध्ये प्रभातने इथे कोल्हापुरात 'स्वराज्य तोरण' केला, शांताराम स्वतः महाराज झाले. ब्रिटिशांच्या सेन्सॉरला ते नाव खपलं नाही. शेवटी तो 'उदयकाल' म्हणून आला. त्या जागी दिग्दर्शकाला बोल लावणं अन्यायाचं.

हवा, माती, महिना

कपडे-दागिन्यांवर मी फार थांबत नाही, त्यावर बोलणारे भरपूर आहेत. मी महिना बघतो. पन्हाळ्याहून विशाळगडाकडची ती रात्र १२ जुलै १६६०, आषाढी पौर्णिमा. म्हणजे वर पूर्ण चंद्र, पण ढगाआड, आणि खाली या भागातला जुलैचा पाऊस. ज्यांनी पावसाळ्यात तो रस्ता चालला आहे त्यांना माहीत आहे: गुडघाभर चिखल, जळवा, दोन हातांवरचं दिसत नाही असं धुकं. तोड्याच्या बंदुकीला जळती वात लागते, ती पावसात विझते. म्हणून वाटेतल्या पावनखिंडीतली लढाई मुख्यतः तलवारी, भाले आणि दगडांची असणार, हे पडद्यावर दिसलं पाहिजे. मावळ्यांचे पटके कोरडे, मशाली भडकलेल्या आणि जमिनीवर धूळ उडतेय असं दिसलं, तर संवाद कितीही अभ्यासू असोत, कोणी पन्हाळ्याला जुलैत गेलेलं नाही. वीसेक किलोमीटर तर आहे इथून.

सराव म्हणून: शाहू महाराज

रीत हाताला बसायची तर न पाहिलेल्या चित्रपटावर करून बघा. समजा, उद्या कोणी राजर्षी शाहूंवर चित्रपट काढला आणि त्यात मार्च १९२० ची माणगावची अस्पृश्यांची परिषद आहे.

मूळ: कागद, भाषणं, फोटो, सगळं उपलब्ध. सबब चालणार नाही. वय: महाराजांचा जन्म २६ जून १८७४, म्हणजे ४५. बाबासाहेब २८. बदलाचा तोल: दिग्दर्शकाने परिषदेचे दोन दिवस एका संध्याकाळीत बसवले तर हलकं. पण महाराजांना फक्त उपकारकर्ता आणि बाबासाहेबांना फक्त उपकृत दाखवलं तर जड, कारण महाराज तिथे आले ते एका तरुण विद्वानाला त्याच्या समाजाचा पुढारी म्हणून सर्वांसमोर मान्यता द्यायला. १९०२ मध्ये नोकऱ्यांत मागासांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवणारा राजा आपलं काम पुढे कोण नेणार हे शोधत होता, हा तिथला 'का' आहे.

अंग: महाराज प्रचंड देहाचे, कुस्तीत मुरलेले, आणि आयुष्याची दोनच वर्षं उरलेली. त्यामुळे नट थोराड हवा, पण तुकतुकीत नको. वजन: इथे गंमत आहे, या प्रसंगात महाराजांनी वजन सोडून द्यायचं आहे. मान्यता देताना ते किंचित मागे सरकले पाहिजेत. भाषा: कागलच्या घाटग्यांच्या घरात जन्म, राजकोट आणि धारवाडला शिक्षण, म्हणजे इंग्रजी सफाईची आणि मराठी मातीची. दोन्ही एकाच तोंडात बसणारा नट शोधावा लागेल.

आता जोडी. सतरा वर्षांचं अंतर. आणि इथेच बहुतेक जण घसरतील, मी पैज लावतो. त्यांना बाबासाहेब म्हटलं की पुतळ्यातले दिसतात: भरलेला देह, निळा सूट, हातात पुस्तक. १९२० मधले बाबासाहेब राज्यघटना लिहिणारे नाहीत, अजून बॅरिस्टरही नाहीत. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी केलेले आहेत आणि अर्धवट राहिलेल्या शिक्षणासाठी पुन्हा लंडनला जायच्या खटपटीत आहेत. म्हणून त्या मंडपात एक किरकोळ अंगाचा, अठ्ठावीस वर्षांचा प्राध्यापक बसलेला दिसला पाहिजे, ज्याला गर्दीतल्या निम्म्या लोकांनी आधी कधी पाहिलेलंही नाही.